वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानमार्ग

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील दोन बेटांना जोडणारा हा मार्ग जगातील सर्वांत आखूड नियमित प्रवासी विमानमार्ग म्हणून ओळखला जातो. दोन्ही विमानतळांमधील अंतर सुमारे २.७ किमी आहे. लंडनच्या हीथ्रो विमानतळाची एक धावपट्टीच ३.९ किमी लांबीची आहे, म्हणजे हा सगळा प्रवास तिच्यात मावून वर जागा उरेल. लोगनएअर ही कंपनी १९६७ पासून येथे विमाने चालवत आहे.

वेळापत्रकात या उड्डाणासाठी दोन मिनिटे धरलेली असतात. वारा अनुकूल असला तर विमान प्रत्यक्षात दीड मिनिटाच्या आतही उतरते. वैमानिक स्टुअर्ट लिंकलेटर यांनी हे अंतर ५३ सेकंदांत कापले होते. हिशेब केला तर हा वेग ताशी सुमारे १८३ किमी पडतो, तर पूर्ण दोन मिनिटे लागली तर तो जेमतेम ८१ वर येतो. अंतर तेच असूनही वेळेत एवढा फरक पडतो तो मुख्यतः वाऱ्यामुळे. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊनच उडते आणि उतरते. धावपट्टीची दिशा आणि जायची दिशा जुळली नाही, की वळसा आलाच. लांबच्या प्रवासात असा वळसा कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र तो प्रवासाचा मोठा भाग खाऊन टाकतो. इंटरनेटवरील काही अंतर-गणक प्रत्येक उड्डाणात चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवतात. या मार्गावर ते सूत्र हास्यास्पद ठरते.

या मार्गावरचे विमान म्हणजे ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. दोन पंख्यांचे हे छोटे विमान तोकड्या धावपट्टीवरून उडू शकते. त्याची चाके उड्डाणानंतर पोटात ओढली जात नाहीत, ती तशीच खाली राहतात. एवढ्याशा प्रवासात ती आत घेऊन पुन्हा बाहेर काढण्यात अर्थही नव्हता. प्रवासी आठ बसतात, त्यांपैकी एकाला चक्क वैमानिकाशेजारची जागा मिळते. सहवैमानिक नसतो. ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉल येथून निघालेले विमान बहुधा ही दोन्ही बेटे करून परत जाते. त्यामुळे ही प्रसिद्ध दोन मिनिटे म्हणजे खरे तर एका फेरीतला मधला टप्पा.

पापा वेस्ट्रेला स्थानिक लोक ‘पापे’ म्हणतात. हे नाव जुन्या नॉर्स भाषेतील ख्रिस्ती साधूंसाठीच्या शब्दावरून आले. वस्ती नव्वदच्या आसपास. येथील ‘नॅप ऑफ हॉवर’ हे दगडी घर इ.स.पू. ३७०० च्या सुमाराचे असून वायव्य युरोपातील उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या घरांत त्याची गणना होते. ते पाहायला पर्यटक येतात. काही जण नुसते उड्डाणाचे प्रमाणपत्र मिळवायला येतात. बेटावरच्यांना मात्र हे विमान शिक्षक, डॉक्टर आणि रुग्णांच्या येण्याजाण्यासाठी लागते. दोन्ही बेटांमध्ये बोटही चालते.