भावाच्या आलेखावरील सरळ रेषा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आलेख कागदाची एक वही आणावी आणि 100 या आकड्यापासून सुरुवात करून नाणे 250 वेळा उडवावे; छापा पडला तर एक घर वर, काटा पडला तर एक घर खाली. शेअर बाजाराच्या कामकाजाचे वर्षातले दिवसही साधारण तेवढेच असतात. हा आलेख शेअरच्या भावावर ट्रेंडलाइन, म्हणजे कल दाखवणारी सरळ रेषा, आखणाऱ्या एखाद्या मित्रापुढे ठेवला, तर त्याला त्यात चढती रेषा, सपोर्ट (घसरण जिथे थांबते ती पातळी), ब्रेकआउट (रेषा भेदून भावाने घेतलेली झेप) हे सारे दिसण्याचा मोठा संभव आहे, आणि तो त्याच्या नजरेचा दोष नव्हे. ती वळणे कागदावर खरोखरच असतात. मात्र त्यांवरून पुढची नाणेफेक सांगता येत नाही.

बिंदूंमधून सरळ रेषा बसवण्याची रूढ रीत, म्हणजे न्यूनतम वर्ग पद्धत, फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनी 1805 मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे उभे अंतर मोजायचे, त्याचा वर्ग करायचा आणि या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठरेल अशी रेषा निवडायची. ही रीत खगोलशास्त्रात रुळली आणि तिथे ती योग्यही ठरते, कारण दुर्बिणीतून घेतलेल्या आजच्या मोजमापातली चूक कालच्या चुकीवर सहसा अवलंबून नसते. पावसाचेही बरेचसे तसेच आहे. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. पर्जन्यमापक प्रत्येक नोंदीनंतर रिकामा होऊन पुन्हा शून्यापासून सुरू होतो. शेअरचा भाव असा कधीच रिकामा होत नाही. काल तो जिथे थांबला, त्याच्या आसपासच आज सुरू होतो आणि कालची उसळी आजच्या भावात मुरलेली असते.

म्हणूनच भाव एकदा रेषेच्या वर गेला, की कित्येक आठवडे वरच राहू शकतो. अंतरे एकमेकांपासून स्वतंत्र असती, तर 250 दिवसांत भावाने रेषा सुमारे 125 वेळा ओलांडली असती. प्रत्यक्ष आलेखावर मोजून पाहिले, तर हा आकडा फारच कमी भरतो. नेल्सन आणि कांग या अभ्यासकांनी 1984 मध्ये दाखवून दिले, की ज्या मालिकेत कोणताही कल नाही अशा निव्वळ यादृच्छिक चालीला, म्हणजे वरच्या नाणेफेकीसारख्या मालिकेला, काळानुसार सरळ रेषा बसवली, तरी त्या मालिकेतल्या एकूण चढउताराचा सरासरी सुमारे 44 टक्के भाग ती रेषा स्पष्ट करते असे गणित सांगते, आणि नोंदी वाढवल्या तरी हे प्रमाण घटत नाही. मला ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण नोंदी वाढवल्या की योगायोग विरून जातो ही आपली नेहमीची समजूत इथे लागू पडत नाही.

हाताने आखलेल्या रेषेत आणखी एक अडचण असते. दोन तळ, म्हणजे भाव खाली जाऊन जिथून परत फिरला ते बिंदू, जोडले की रेषा तयार होतेच, तिची पहिली परीक्षा तिसऱ्या तळाला होते. आणि दहा तळ असतील, तर जोड्या लावून 45 रेषा निघतात. त्यांतली न मोडलेली रेषा तेवढी लक्षात राहते. शिवाय एखादा बिंदू तळ होता, हे भाव वर गेल्यानंतरच कळते.

रेषा आखण्यापूर्वी बोनस (भागधारकांना मोफत मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअरमध्ये विभाजन) यांनुसार जुने भाव जुळवून घ्यावेत, नाहीतर एकास एक बोनसनंतर निम्म्यावर आलेला भाव पडझड भासेल. अनेक वर्षांच्या आलेखासाठी उभ्या अक्षावर लॉग (लॉगरिदमचे) मापनच वापरावे. त्यात 100 चे 200 होणे आणि 1000 चे 2000 होणे या दोन्हींची उंची सारखीच येते.

एवढी तयारी झाली, की आजपर्यंतच्या भावांवर रेषा आखावी, कोपऱ्यात तारीख लिहावी आणि त्यानंतर त्या रेषेला हात लावू नये. पुढील महिन्यांत त्या रेषेनुसार केलेल्या व्यवहारांतून दलाली आणि कर वजा करून उरलेली रक्कम मांडावी, आणि तोच नियम, तेवढाच खर्च धरून, नाणेफेकीच्या शंभरेक आलेखांवर चालवून येणाऱ्या रकमांशी ती ताडून पाहावी.