टेनिसच्या तळाच्या स्पर्धा आणि विदर्भातला खेळाडू : पार्श्वभूमी

वरुड, पुसद किंवा ब्रह्मपुरीसारख्या गावातली मुलगी कबड्डी वा खो-खो खेळू लागली, तर तिच्यापुढे एक ओळखीची वाट असते. शाळेचा संघ, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि कसब व नशीब जुळून आले तर पोलीस किंवा रेल्वेचा संघ. या वाटेवर तिची निवड दुसरे कोणीतरी करते, आणि निवड झाल्यावर ती एकटी नसते. व्यावसायिक टेनिसच्या खालच्या स्तरावर मात्र निवड समिती नाही, संघ नाही, पगारही नाही. खेळाडू स्वतः नाव नोंदवतो, स्वतःच्या खर्चाने जातो, पहिल्या फेरीत हरला तर स्वतःच्या खर्चाने परततो. ही व्यवस्था कोणी एका दिवसात ठरवून केलेली नाही. ती दीडशे वर्षांत थराथराने साचत गेली असून प्रत्येक थरात खर्चाचा भार खेळाडूच्या घरावरच राहिला.

लॉन टेनिसचे पेटंट मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांनी १८७४ मध्ये घेतले आणि विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ मध्ये झाली. ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर हा खेळ भारतात आला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल लाइन्समधल्या क्लबांच्या कुंपणाआड स्थिरावला. वऱ्हाड व मध्य प्रांतही याला अपवाद नव्हते. क्लबचे सदस्य खेळत आणि त्यांच्याशी सराव करण्यासाठी, कोर्ट राखण्यासाठी ‘मार्कर’ नावाचा पगारी माणूस असे. तो बहुधा गरीब घरातला आणि अनेकदा सदस्यांहून सरस खेळणारा असे. पण खेळाचे पैसे घेणारा म्हणजे व्यावसायिक, आणि व्यावसायिकाला हौशी स्पर्धांची दारे बंद, असा त्या काळचा टेनिसचा जगभरचा नियम होता. म्हणजे ज्याला टेनिसवर पोट भरावे लागत होते, त्यालाच टेनिसच्या मोठ्या स्पर्धांत स्थान नव्हते. याच काळात, १९१४ मध्ये, अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. गावोगावच्या आखाड्यांनी विदर्भात शरीरसंस्कृती रुजवली ती मल्लखांब, कुस्ती, लाठी आणि पुढे कबड्डी-खो-खोची. टेनिसचे कोर्ट त्या परंपरेच्या बाहेर राहिले आणि बऱ्याच अंशी अजूनही तसेच आहे.

अखिल भारतीय लॉन टेनिस संघटना १९२० मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी भारत डेव्हिस चषकात उतरला. रामनाथन कृष्णन यांनी १९६० आणि १९६१ अशी सलग दोन वर्षे विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली. व्यावसायिक टेनिसचे सामने भरवणारे जॅक क्रेमर यांचा व्यावसायिक होण्याचा प्रस्ताव त्यांनी नाकारला, कारण तो स्वीकारला असता तर विम्बल्डन आणि डेव्हिस चषक दोन्ही सुटले असते. हौशीपणाचा हा आग्रह दिसायला सात्त्विक होता, पण नामांकित खेळाडूंना ‘खर्चा’च्या नावाखाली पडद्याआडून पैसे दिले जात हे उघड गुपित होते. अखेर एप्रिल १९६८ मध्ये इंग्लंडमधील बोर्नमथच्या स्पर्धेपासून हौशी आणि व्यावसायिक खेळाडू एकत्र खेळू लागले आणि टेनिसचे ‘खुले युग’ सुरू झाले.

दार उघडले, पण आत कोणाला घ्यायचे हा प्रश्न उरलाच. सुरुवातीला ते आयोजकांच्या मर्जीवर होते आणि प्रसिद्ध नावांना झुकते माप मिळे. पुरुष खेळाडूंनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या एटीपी या संघटनेने २३ ऑगस्ट १९७३ रोजी संगणकावर काढलेली पहिली क्रमवारी जाहीर केली. त्या यादीत इली नास्तासे पहिला होता. महिलांची क्रमवारी १९७५ मध्ये आली. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच, १९६८ चा नव्हे. क्रमांक पाहून प्रवेश मिळू लागल्यामुळे ओळखपाळख, क्लब, घराणे यांचे महत्त्व घटले आणि मोर्शीचा खेळाडू व माद्रिदचा खेळाडू निदान कागदावर एकाच मापाने मोजले जाऊ लागले. मात्र त्यातून एक नवा पेच उभा राहिला. क्रमांकासाठी गुण हवेत, गुणांसाठी स्पर्धा हव्यात, आणि स्पर्धेत शिरण्यासाठी क्रमांक हवा.

हा पेच सोडवण्यासाठी खालच्या स्पर्धा निर्माण झाल्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘सॅटेलाइट’ मालिका सुरू झाल्या आणि १९७८ पासून त्यांच्या वरच्या पायरीवर ‘चॅलेंजर’ स्पर्धा आल्या. सॅटेलाइटची पद्धत कठोर होती. एकाच देशात सलग काही आठवडे स्पर्धा खेळायच्या, त्यात चांगली कामगिरी करणाऱ्यांनी शेवटी मास्टर्स खेळायचे आणि गुण मिळायचे ते सगळी मालिका संपल्यावर. मध्येच पाय मुरगळला किंवा पैसे संपले तर आधीच्या आठवड्यांची मेहनत वाया जाई. भारतातही अशा मालिका होत. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने, म्हणजे आयटीएफने, एकेका आठवड्याच्या ‘फ्युचर्स’ स्पर्धा आणल्या आणि पुढच्या दशकात सॅटेलाइट पद्धत बंद झाली. आता प्रत्येक आठवड्याचा हिशेब त्याच आठवड्यात लागू लागला, आणि खेळाडूसाठी ही खरी सुधारणा होती.

पैशांचा हिशेब मात्र तसा सुधारला नाही. पुरुषांच्या सर्वांत खालच्या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम अनेक वर्षे १०,००० डॉलर होती, ती २०१७ पासून १५,००० डॉलर झाली. ३२ जणांच्या मुख्य फेरीत ती वाटली गेल्यावर विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६. आजच्या दराने ही रक्कम तेरा-चौदा हजार रुपयांच्या घरात जाते, तीही कर कापण्यापूर्वी. त्यातून आठवडाभराची खोली, जेवण, प्रवास, रॅकेटचे गटिंग म्हणजे तारा बसवणे आणि नोंदणीचे शुल्क निघायचे असते. पात्रता फेरीत हरणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही. एकेरीत पहिल्या फेरीत हरणाऱ्याला क्रमवारीचा गुणही मिळत नाही. दुसऱ्या फेरीत पोचले की एक गुण, आणि स्पर्धा जिंकली तर २०२४ पासून १५ गुण, पूर्वी १० मिळत. शिवाय मिळवलेला गुण ५२ आठवड्यांनी यादीतून गळतो, त्यामुळे एकदा वर चढलेल्याला त्याच जागी राहण्यासाठीसुद्धा वर्षभर फिरावे लागते. कापूस पेरणाऱ्या घराला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. खर्च आधी करायचा, तो सगळा आपणच करायचा, आणि भाव मात्र दुसरीकडे ठरायचा, ही रीत त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. फरक एवढाच, की कापसाला हमीभाव तरी जाहीर होतो.

महासंघाने २०१३ या वर्षाचा आढावा घेतला, तेव्हा जगभरात सुमारे १४,००० खेळाडू व्यावसायिक स्पर्धांत उतरले होते आणि त्यांपैकी जवळपास निम्म्यांनी वर्षभरात बक्षिसाचा एक डॉलरही मिळवला नव्हता. प्रशिक्षकाचा खर्च धरला नाही, तरी एका पुरुष खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च सुमारे ३८,८०० डॉलर आणि महिलेचा सुमारे ४०,१८० डॉलर निघाला. उत्पन्न आणि खर्च बरोबरीत येण्याची रेषा पुरुषांत क्रमवारीच्या ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या स्थानाजवळ होती. जगातला चारशेवा खेळाडू म्हणजे कुठल्याही देशात गुणवंतच, पण हिशेबात तो तोट्यात होता. महिलांची रेषा आणखी वर होती, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे मुलीला एकटीने परदेशी पाठवायला घर सहसा तयार नसते, त्यामुळे सोबतच्या माणसाचे तिकीट, जेवण आणि बुडालेली मजुरी किंवा रजा हाही खर्च तिच्याच खात्यात पडतो. सरासरीच्या आकड्यात तो दिसत नाही.

जिथे हारणाऱ्याच्या हातात १५६ डॉलर पडतात, तिथे सामना सोडण्यासाठी कोणी त्याच्या कैक पट देऊ केले तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तळाच्या सामन्यांचा थेट गुणफलक आयटीएफने करार करून विकायला काढल्यानंतर प्रेक्षकांविना चाललेल्या सामन्यांवरही जगभर सट्टा लागू लागला. टेनिसच्या संस्थांनी नेमलेल्या स्वतंत्र समितीचा अंतिम अहवाल डिसेंबर २०१८ मध्ये आला. सट्ट्याशी निगडित गैरप्रकार मुख्यतः खालच्या व मधल्या स्तरावर बोकाळले असून त्यामागे तिथली आर्थिक रचनाच आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. क्रिकेटच्या सट्ट्याच्या बातम्या आपल्या भागाला नव्या नाहीत, पण तिथे खेळाडू श्रीमंत असतात आणि इथे बहुतेक जण तोट्यात असतात.

यावर काढलेला उपाय अधिकच वादग्रस्त ठरला. २०१९ च्या आरंभी १५,००० डॉलरच्या स्पर्धांतून एटीपीचे गुण काढून टाकण्यात आले आणि पात्रता फेरी २४ जणांवर आणली गेली. खऱ्या अर्थाने व्यावसायिक ठरावेत असे पुरुष आणि महिला प्रत्येकी सुमारे ७५० असावेत, अशी त्यामागची कल्पना होती. पैसे वाढवण्याऐवजी माणसे कमी करण्याचा हा मार्ग होता. जगभरच्या खेळाडूंनी विरोध केला, अनेकांचा क्रमांक रातोरात नाहीसा झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुण परत द्यावे लागले. पात्रता फेरीही नंतर मोठी केली गेली.

या सगळ्याचा विदर्भाच्या नकाशावर काय अर्थ होतो, हे पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातल्या मोठ्या टेनिसचे केंद्र पुणे आहे. २०१८ ते २०२३ या काळात चेन्नईहून आलेली एटीपी स्पर्धा बालेवाडीत होत असे आणि तिथे चॅलेंजरही भरते. सोलापुरात महिलांची आयटीएफ स्पर्धा होते. विदर्भाच्या पूर्व टोकाहून पुण्याला जाणारी ओळखीची गाडी म्हणजे गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस. तिने वर्धा, बडनेरा, अकोला करत एक रात्र काढली की पुणे येते. इंदूर आणि भोपाळ इथल्या स्पर्धा विदर्भाला जवळच्या, पण त्या दर आठवड्याला नसतात. त्याआधीची शिडी अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या ज्युनियर स्पर्धांची. टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज आणि नॅशनल सिरीज अशा तिच्या पायऱ्या आहेत. त्यातल्या प्रत्येक पायरीसाठी गाव सोडावेच लागते आणि बाराव्या-तेराव्या वर्षी हा खर्च सुरू होतो. तालुका क्रीडा संकुलात धावपट्टी, कबड्डी, व्हॉलीबॉल यांना पहिला मान असतो, आणि टेनिस कोर्ट झालेच तर त्याची जाळी, रंगवलेला पृष्ठभाग आणि दिवे वर्षानुवर्षे टिकवणारे कोणी हवे असते. गटिंगचे मशीन तालुक्याला सहसा मिळत नाही. तार तुटली की रॅकेट नागपूर वा अमरावतीला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावी लागते. एप्रिल-मे मध्ये चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी आठनंतर सिमेंटच्या कोर्टवर उभे राहणेही कठीण होते. याउलट ज्या शहरांत क्लब आणि अकादमी आहेत, तिथे रोज वेगवेगळ्या खेळाडूंबरोबर सराव मिळतो. माझ्या मते मैदानापेक्षाही ही उणीव मोठी आहे, कारण एकाच जोडीदाराबरोबर वर्षानुवर्षे खेळलेल्या मुलाला दुसऱ्या प्रकारची सर्व्हिस थेट स्पर्धेतच दिसते.

तळातून वर गेलेल्यांची उदाहरणे आहेत, पण प्रत्येकामागे कुठला तरी जास्तीचा आधार दिसतो. श्रीरामपूरला जन्मलेल्या ऋतुजा भोसलेने अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून खेळून पुढे व्यावसायिक टेनिस निवडले आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून खेळला, नंतर दुहेरीकडे वळला आणि २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीची एटीपी दुहेरी जिंकला. अमेरिकी विद्यापीठाची शिष्यवृत्ती म्हणजे शिक्षण, प्रशिक्षण आणि सामने चार वर्षे एका ठिकाणी. तळाच्या स्पर्धांत तीन-चार वर्षे भटकण्यापेक्षा तो मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो, पण त्यासाठी इंग्रजी, परीक्षा आणि ज्युनियर क्रमवारी तिन्ही वेळेवर जमवावे लागते, आणि याची माहिती तालुक्याच्या शाळेत अजून क्वचितच पोचते.

सुमित नागलचे उदाहरण अधिक बोलके आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये, जगात दीडशेच्या आसपास आणि देशात पहिल्या क्रमांकावर असताना, आपल्या खात्यात ९०० युरो उरल्याचे त्याने सांगितले. चार महिन्यांनी, पात्रता फेरीतून येऊन, त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले. ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीयाने मानांकिताला हरवण्याची १९८९ नंतरची ती पहिली वेळ. दुसऱ्या फेरीच्या बक्षिसाची रक्कम १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर होती. जुलै २०२४ मध्ये तो ६८ व्या स्थानापर्यंत पोचला. एटीपीने ऑगस्ट २०२३ मध्ये किमान उत्पन्नाची योजना जाहीर केली : पहिल्या शंभरांना वर्षाला ३,००,००० डॉलर, १०१ ते १७५ पर्यंत १,५०,००० आणि १७६ ते २५० पर्यंत ७५,०००. योजना चांगली आहे, पण ती संपते तिथूनही बरोबरीची जुनी रेषा बरीच खाली आहे, आणि त्या रेषेखालच्यांसाठी तिच्यात काही नाही.

म्हणून गावाकडच्या घरात खरा निर्णय दहावीच्या वर्षात होतो. खेळाचे वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीतले खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण, रेल्वे किंवा पोलीस दलातली जागा, हे हाताशी असलेले पर्याय एका बाजूला. आयटीएफची नोंदणी, पुण्यातली भाड्याची खोली आणि पहिल्या गुणासाठी लागणारी वर्षे दुसऱ्या बाजूला. तळाच्या पुरुष स्पर्धेची रक्कम २०१७ पासून १५,००० डॉलरच आहे, तर डॉलरमध्ये मोजावी लागणारी तिकिटे आणि हॉटेले रुपयाच्या घसरणीबरोबर दरवर्षी महाग होत आहेत.