टांग्याच्या घोड्याची झापडं

बक्षिसाचा नुसता विचारही कल्पकतेच्या आड येतो का? यावर मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिले यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत ७२ होतकरू लेखक-कवींवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यात आमिष असं काही नव्हतंच, होती फक्त एक यादी.

आधी सगळ्यांनी बर्फावर हायकूच्या धर्तीची छोटी कविता लिहिली. मग एका गटाने लिहिण्यामागची कारणं पसंतीक्रमाने लावली: शिक्षकांवर छाप पडावी, चांगली नोकरी लागावी, एखादं पुस्तक तुफान खपावं. दुसऱ्या गटाच्या यादीत मनातलं मांडण्याचा आनंद वगैरे कारणं होती. तिसऱ्या गटाला यादीच नव्हती. त्यानंतर दुसरी कविता, हास्यावर. गुण द्यायला बारा कवी बसवले होते. बर्फाच्या कवितांत गटागटांत फरक नव्हता. हास्याच्या कवितांत मात्र नोकरी-पैशाच्या यादीवाले सपशेल घसरले. काही मिनिटं नुसतं मनात आणलं, तेवढ्यानं! गंमत म्हणजे आनंदाच्या यादीवालेही यादी न मिळालेल्यांच्या फारसे पुढे गेले नाहीत. ‘पॅशन’ची पोस्टरं लावणाऱ्या एचआरवाल्यांनी हे जरूर वाचावं.

असं का होत असावं? मानसशास्त्रज्ञ सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये लोकांपुढे मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली खोकी ठेवली. मेणबत्ती भिंतीवर बसवायची. खोकी रिकामी करून टाचण्यांनी भिंतीला टोचायची नि तिचाच कोनाडा करायचा, हे सुचलं की काम फत्ते. पण ज्यांना लवकर सोडवण्याबद्दल पैसे कबूल केले होते, त्यांना सरासरी साडेतीन मिनिटं जास्त लागली! टाचण्या आधीच बाहेर काढून ठेवल्या, तेव्हा मात्र पैसेवालेच जिंकले. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तसंच हे. रस्ता सरळ असेल तर घोडा सुसाट जातो, पण आडगल्ली त्याला दिसत नाही. पार्सलं भरायची असतील तर नगाला बोनस द्या, खुशाल द्या. जाहिरातीची ओळ सुचायची असेल तर तोच बोनस आड येऊ शकतो.

याचा अर्थ पगारात हात आखडावा असा नाही (काही साहेब तेवढंच ऐकतील). गोची आधी कबूल केलेल्या बक्षिसात आहे. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत, ज्यांना स्केचपेनांनी चित्रं काढायला आवडायचं अशाच मुलांना निवडलं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी तारा नि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते चित्र झाल्यावर अचानक दिलं. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा पेनं मांडली. आधी सांगितलेली मुलं त्यांच्याशी इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ खेळली. अचानक मिळालेली पहिल्यासारखीच रमली. फीत दोघांनाही तीच मिळाली होती.