साखर जळते, पण ज्वाळेविना

१७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगातल्या उष्णतेने किती बर्फ वितळतो हे मोजलं. मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड निघेल इतका कोळसा जाळला तर किती वितळेल, याचा हिशोब केला. दोन्ही आकडे जवळपास जुळले. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, हे तेव्हापासून सांगितलं जातं.

पण ही आग पेटते कुठे? लाव्हाझिएंना वाटलं, फुप्फुसात. एकोणिसाव्या शतकात फ्लूगर यांनी दाखवलं की ऑक्सिजन खर्च होतो तो शरीरभरच्या पेशींमध्ये. १८९७ साली बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलून त्याचा रस पिळला. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर तो फसफसू लागला! एकही जिवंत पेशी नसताना किण्वन, म्हणजे साखर आंबून मद्य होणं, घडतं, म्हणजे हे काम विकरांचं, पेशीतल्या अभिक्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचं, हे त्या बुडबुड्यांनी सिद्ध केलं.

मला यातला सर्वांत सुंदर क्षण केंब्रिजचा वाटतो. डेव्हिड केलिन वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, यीस्टचं दाट मिश्रण बघत होते. प्रकाशाच्या पट्ट्यात चार काळ्या रेघा दिसत होत्या. नळी हवेत हलवली की रेघा नाहीशा व्हायच्या, थोडा वेळ स्थिर ठेवली की परत उमटायच्या. पेशी ऑक्सिजन घेताना डोळ्यांसमोर दिसत होती. १९२५ मध्ये त्यांनी या रंगद्रव्यांना सायटोक्रोम म्हटलं. खरं तर मॅकमन यांनी ती १८८०च्या दशकातच पाहिली होती, पण होपे-झायलर यांच्यासारख्या मातब्बरांनी त्यांचं म्हणणं खोडून काढलं आणि चाळीस वर्षं वाया गेली.

पुढे १९३७ मध्ये शेफिल्डला क्रेब्स यांनी सायट्रिक आम्लाचं चक्र मांडलं, म्हणजे साखरेचे तुकडे टप्प्याटप्प्याने जाळणाऱ्या अभिक्रियांचं चक्र. १९४८ मध्ये केनेडी आणि लेनिंजर यांनी या चक्राची पेशीतली जागा पक्की केली: तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) हे पेशीतले सूक्ष्म घटक.

तरी साखरेतली ऊर्जा एटीपीमध्ये, म्हणजे पेशी कामासाठी वापरते त्या ऊर्जावाहक रेणूत, शिरते कशी, हे कोडं उरलंच. सगळे एखादं मधलं रसायन शोधत होते, पण ते सापडत नव्हतं. १९६१ मध्ये पीटर मिचेल म्हणाले, असं रसायन नाहीच. साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन सायटोक्रोमच्या साखळीतून ऑक्सिजनकडे सरकताना प्रोटॉन तंतुकणिकेच्या आतल्या पातळ पटलाच्या एका बाजूला ढकलले जातात. धरणातलं पाणी टर्बाइन फिरवत खाली यावं, तसे ते परत येताना एटीपी तयार होतं. ही कल्पना गळी उतरायला बराच काळ लागला. मिचेल यांना नोबेल मिळालं ते १९७८ मध्ये.

जुन्या पुस्तकांत एका ग्लुकोजपासून ३६ किंवा ३८ एटीपी मिळतात असं लिहिलेलं असतं, आता सुमारे ३० ते ३२ मानतात. हा फरकही मिचेल यांच्या कल्पनेतूनच कळतो. काही प्रोटॉन पटलातून नुसतेच झिरपतात आणि काही फॉस्फेट आत आणण्यात खर्च होतात.