वावर कोणाच्या नावावर? खान्देशातल्या शेतकरी बायांच्या हक्काची पार्श्वभूमी

गारपीट झाली, की पंचनामा गट नंबरवर होतो आणि मदत सातबारावरच्या खातेदाराच्या बँक खात्यात जाते. २०२२-२६ साठीच्या केंद्राच्या निकषांप्रमाणे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंतच. पीककर्ज त्याच नावावर मिळतं. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी सक्तीचा झालेला शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीशीच जोडलेला आहे. निंदणी, खुरपणी आणि कापूस वेचणीची कामं बाईची, पण पावसाने दगा दिला तर भरपाई मागायला तिच्याकडे कागद नाही. खान्देशात जमिनीचा हक्क आणि हवामानाचा न्याय ही दोन वेगळी भांडणं नाहीत, इथे ती एकच आहेत.

या भांडणाचं मूळ सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनी भिल्लांच्या हातून सावकारीत गेल्या आणि जमिनीचा मालक त्याच वावरात सालदार झाला. आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराज यांनी लोकांना जागं केलं आणि १९७२ मध्ये, दुष्काळाच्याच वर्षी, श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्यात बाया केवळ मोर्चाला गर्दी म्हणून आल्या नाहीत. मजुरीच्या मागणीत त्या पुढे होत्या आणि दारूचे मडके फोडायला गावोगाव त्याच निघाल्या. या काळाच्या रेट्यातून आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आला. मोठा कायदा होता तो. पण जमीन परत द्यायची ती मूळ धारकाला किंवा त्याच्या वारसाला. बायकोचं नाव सोबत लावावं असं त्यात काही नव्हतं. लढाई दोघांची आणि कागद एकाचा, हे तेव्हापासून चालत आलं. धुळ्यात शरद पाटलांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्यांनी जात आणि वर्गासोबत स्त्रीदास्याचा प्रश्न मांडला.

मैदानातल्या शेतकरी कुटुंबांत हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला भरलं. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: नवऱ्याने आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करायचा, आणि शंभर घरांनी तसं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे अशा पहिल्या गावांपैकी एक. १५ सप्टेंबर १९९२ च्या शासन परिपत्रकाने हीच कल्पना महसुली नोंदीत आणली. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) होतो आणि बायको सातबारावर सहहिस्सेदार म्हणून येते. अडचण एवढीच, की अर्ज नवऱ्याच्या मर्जीने होतो आणि जमीन त्याच्या नावे असावी लागते. आपल्याकडे म्हातारा हयात असेपर्यंत जमीन त्याच्याच नावे असते, मग मुलाकडे बायकोच्या नावे करण्यासारखं काही नसतं. जिथे जमीन स्वतंत्र नावावर आहे तिथे बक्षीसपत्राचा रस्ता अधिक पक्का. शेतजमीन पत्नीला किंवा मुलांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, नोंदणीचा खर्च वेगळा.

नवरा गेल्यावरची वाट सगळ्यात अवघड, खरं तर कायद्याने ती सर्वात सरळ आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे विधवा, आई, मुलगा आणि मुलगी हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मृत्युपत्र नसलेली चार एकर स्वकष्टार्जित जमीन या चौघांत वाटली, तर प्रत्येकाला एक एकर. सासऱ्याच्या आधी नवरा वारला असला तरी सून आणि तिची मुलं मिळून त्याच्या वाट्याची वारस ठरतात, हे फार थोड्या बायांना सांगितलं जातं. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि सातबारा घेऊन तीन महिन्यांत तलाठ्याकडे जायचं. वारस नोंद होते, मग फेरफार पडतो, १५ दिवस हरकतीची नोटीस लागते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

चुकतं ते दोन ठिकाणी. दीर हरकत घेतो, नोंद विवादग्रस्त रजिस्टरला जाते आणि महिने निघून जातात. किंवा बाईचं नाव 'इतर हक्क' रकान्यात टाकलं जातं. कागदावर नाव दिसतं म्हणून ती खूश असते, पण ती खातेदार नसते आणि बँक तिला कर्ज देत नाही. सातबारा हाती आला की आधी नाव कोणत्या रकान्यात आहे ते पाहावं.

वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून (तेव्हा लग्न न झालेल्या लेकींसाठी) आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलाच्या बरोबरीचा आहे. तरी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येऊन झोका घेणारी लेक हक्कसोडपत्रावर सही करते, कारण हिस्सा घेतला तर माहेर तुटेल ही भीती खरी आहे. ती भीती एकटीने पेलवत नाही, म्हणून संघटना लागते.

हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यामुळे नंदुरबारच्या आदिवासी बाईसाठी वनहक्क कायदा २००६ चं कलम ४(४) फार मोलाचं आहे: विवाहित दांपत्याचा वनजमिनीचा पट्टा दोघांच्या नावे संयुक्त निघतो, आणि एकटी बाई कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या एकटीच्या नावे. कसणं १३ डिसेंबर २००५ पूर्वीचं हवं, मर्यादा चार हेक्टर. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया हव्यात, आणि ग्रामसभेला हजर असलेल्यांतही किमान तेवढ्या हव्यात, नाहीतर ठराव उडतो. दाव्याला किमान दोन पुरावे जोडायचे. दंडाची जुनी पावती नसली तरी वडीलधाऱ्याचा लेखी जबाब, बांध, विहीर, लावलेली झाडं चालतात. मोजणीच्या दिवशी बाईने शिवेवरून स्वतः चालावं. कोणत्या आंब्यापाशी आपलं वावर संपतं, हे तिला पाठ असतं. आधारवर सासरचं नाव आणि दाव्यात माहेरचं, एवढ्यावरून फाइल परत येते. दावा फेटाळला तर लेखी कारण मागून ६० दिवसांत अपील करावं. याच हक्कांसाठी नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकसंघर्ष मोर्चा या संघटनेसोबत खान्देशातल्या आदिवासी बाया ठाण्याहून मुंबईला पायी गेल्या.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात म्हटलं, की बाईला वगळणारी रूढी सिद्ध होत नाही तोवर वाटा नाकारता येत नाही. हा निकाल अक्कलकुवा-धडगावच्या प्रत्येक पाड्यावर वाचून दाखवायला हवा.

कागद मिळाल्यावरही नोंदीचं काम उरतंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणी शेतकऱ्यानेच मोबाइलवर करायची आहे. मोबाइल बहुधा पोराच्या खिशात असतो. तो एका फोटोत कापूस लावून मोकळा होतो. कापसाच्या ओळींत आईने टाकलेला मूग, तासातली चवळी, बांधावरची तूर आणि दादर ज्वारीचा तुकडा यांची मिश्र पिकाची नोंद राहून जाते. पाऊस लांबला की घर याच पिकांवर निघतं. म्हणून पाहणी करताना बाईने स्वतः वावरात उभं राहावं आणि प्रत्येक पीक क्षेत्रासह भरून घ्यावं.