लैंगिक अत्याचारानंतरची वैद्यकीय तपासणी: कागद कोणते, वेळ किती

'आधी पोलिसांचं पत्र आणा' असं रुग्णालयात सांगितलं, तर ते बेकायदा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 नुसार सरकारी किंवा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने पीडितेवर तत्काळ आणि मोफत उपचार करायचे असतात. पोलिसांना कळवणं हे रुग्णालयाचं काम. उपचार नाकारल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 200 खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आधार कार्ड नसलं तरी अडत नाही.

तपासणीला लेखी संमती लागते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 12 वर्षं पूर्ण झालेली मुलगी ती स्वतः देऊ शकते. त्याखालील मुलांसाठी पालक देतात. उपचार हवेत पण पुराव्यासाठी नमुने द्यायचे नाहीत, असंही सांगता येतं. नकार केस पेपरवर नोंदवून उपचार सुरूच ठेवायचे. पॉक्सो (18 वर्षांखालील मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) लागू होतो अशा मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, तीही पालक किंवा मुलीच्या विश्वासातल्या व्यक्तीसमोर. त्यासाठी एफआयआर झालेला असण्याची गरज नाही.

स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेले नमुने, घटनेनंतर साधारण 96 तासांपर्यंत घेतात, तोंडातले मात्र 24 तासांच्या आत. शक्यतो आंघोळ न करता, कपडे न धुता जावं. आंघोळ झाली असली तरी जावंच; जखमांची नोंद आणि औषधं उरतातच. घटनेच्या वेळचे कपडे वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत न्यावेत. प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. स्वॅबचंही तेच: सावलीत पूर्ण वाळवूनच सील करायचा. रात्रीच्या पाळीत घाईने ओलाच बंद केला, तर प्रयोगशाळेत हाती फारसं लागत नाही. प्रत्येक पाकिटावर नाव, तारीख, वेळ, डॉक्टरची सही हवी आणि पोलिसांना देताना पोचपावती घ्यायलाच हवी. पुरावा कोणाकडून कोणाकडे गेला याची ही साखळी तुटली, की आरोपीचा बचाव पक्ष नेमका तिच्यावर बोट ठेवतो.

'टू फिंगर टेस्ट' (योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी) करायची नाही. ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलं आहे. अंगावर जखम नाही म्हणजे अत्याचार झाला नाही, असा निष्कर्षही अहवालात चालत नाही.

अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे जातो. पीडितेला त्याची प्रत मोफत मिळते, मागून घ्यावी. तातडीची गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी बरी, पाच दिवसांपर्यंत घेता येते. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं मात्र 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात, म्हणून पुढच्या भेटीची तारीख केस पेपरवर लिहून घ्या.