इसब ‘रक्त बिघडल्यानं’ होत नाही

इसब म्हणजे रक्तातली अशुद्धी, म्हणून कडुनिंबाचा रस प्या, वांगं सोडा, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पण बिघाड बहुधा कातडीतच असतो. फिलॅग्रिन हे प्रथिन वरच्या थरातल्या पेशींमधले केराटिन या चिवट प्रथिनाचे धागे घट्ट बांधतं; पुढे त्याचेच तुकडे पाणी धरून ठेवतात आणि त्वचा किंचित आम्लधर्मी ठेवतात. ते कमी पडलं की ओलावा उडतो, साबण, धूळ, जंतू आत शिरतात आणि दाह सुरू होतो. त्याच्या जनुकातले दोष इसबाशी जोडलेले आहेत, हे स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं. तळहातावरच्या ठळक, दाट रेषा ही या दोषाची एक खूण.

पण दोष असलेल्या सगळ्यांनाच इसब होत नाही, आणि इसब असलेल्या अनेकांत हा दोष नसतो. दोष आणि इसब दोन्ही असलेल्या मुलांत दमा, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त दिसते.

अंघोळ कोमट पाण्यानं, 5 ते 10 मिनिटं. डाळीचं पीठ, उटणं घासणं बंद. अंग टिपून लगेच ओलावा टिकवणारं बिनवासाचं मलम. मोठ्या माणसाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागतं. बोटभर मलम महिनाभर पुरवलं तर गुण येणार कुठून? लाल, खाजरे चट्टे मात्र नुसत्या ओलाव्याच्या मलमानं शमत नाहीत. तिथे डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम लागतं.